कराटेच्या क्लासात फिटनेस कोणता, किती आणि केव्हा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की सकाळच्या पेपरातून घडी घातलेली पत्रके घरात पडू लागतात. ‘समर कॅम्प : कराटे, फिटनेस, सेल्फ डिफेन्स. वीस दिवस, ड्रेससह.’ यंदाही पडू लागली आहेत. कराटेसोबत फिटनेस शिकवण्याला आमची काहीच हरकत नाही, कराटेला जोडीचा व्यायाम लागतोच. पण तो कोणता, किती आणि तासाच्या कोणत्या भागात करायचा याचा विचार फार थोड्या ठिकाणी होतो, आणि मग दोन-तीन महिन्यांत मुलांचे गुडघे कुरकुरू लागतात. पालकांना आणि नव्याने शिकवू लागलेल्या तरुणांना उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नेहमीचा तास असा असतो. आल्या आल्या मैदानाला पाच फेऱ्या, मग शंभर बैठका, पन्नास जोर, बदकचाल, बेडूकउड्या. अर्ध्या तासात पोरे घामाने निथळतात, कडेला उभे असलेले पालक खूश होतात, आणि उरलेल्या वेळात थरथरत्या मांड्यांवर पंच, किक आणि काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचालींची मालिका) उरकले जातात. हा क्रम उलटा आहे. नवी हालचाल शिकताना शरीर ताजे लागते. जी हालचाल पुन्हा पुन्हा होते तीच अंगात मुरते, मग ती बरोबर असो की चूक.

झेनकुत्सु-दाची या लांब पावलाच्या स्टान्सचेच (उभे राहण्याच्या ढबीचेच) बघा. पुढच्या आणि मागच्या पायात साधारण दोन खांद्यांइतके अंतर, आडवी रुंदी एका खांद्याइतकी, पुढचा गुडघा पावलाच्या रेषेत वाकलेला, साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायावर, मागचा पाय ताठ आणि टाच जमिनीला. मांडी दमली की आधी पुढचा गुडघा अंगठ्याच्या बाजूला आत ढळतो. मग मागची टाच सुटते. टाच सुटली की कंबरेला फिरायला आधार राहत नाही आणि पंच नुसत्या खांद्यातून निघतो. लांबून रांग सरळ दिसते, मोजणी जोरात चालू असते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. शिकवणाऱ्याने मुलाच्या समोर उकिडवे बसून पाहावे : गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर आहे का? नसेल तर स्टान्स लहान करायचा. अंतर चार बोटे कमी केले तरी बहुतेकांचा गुडघा आपोआप सरळ होतो. खोल स्टान्सचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये.

सव्वा तासाचा क्लास असेल तर पहिली दहा मिनिटे अंग गरम करायला पुरतात. जागेवर धावणे, गुडघे वर घेणे, खांदे आणि कंबर फिरवणे, लांब पावले टाकत बसून उठणे, एवढेच. त्यानंतर लगेच किहोन (पंच, किक, अडवणे यांचा सुटा सराव) वीस मिनिटे, काता पंधरा, जोडीने कुमितेचा (लढतीचा) सराव दहा. ताकदीचा व्यायाम या सगळ्यानंतर, पंधरा मिनिटे, आणि शेवटची पाच मिनिटे स्नायूंना ताण देण्यासाठी (स्ट्रेचिंग). दमवायचेच असेल तर शेवटी दमवावे. तेव्हा दमून बिघडण्यासारखे काही उरलेले नसते.

आता व्यायामाची निवड. आमच्या मते खरी गडबड इथे आहे. कराटेत ढकलणे भरपूर आहे आणि ओढणे जवळजवळ नाही. पंच म्हणजे ढकलणे. दुसरा हात कमरेशी खेचला जातो खरा, पण त्या हातात वजन काहीच नसते. किकमध्ये मांडीची पुढची बाजू आणि जांघेचे स्नायू राबतात, मांडीची मागची बाजू आणि कुल्ले त्या मानाने मोकळे राहतात. अशा शरीराला वर पन्नास जोर आणि शंभर बैठका लावणे म्हणजे खारट आमटीत आणखी मूठभर मीठ. जोडीच्या व्यायामाने कराटेत जे मिळत नाही ते द्यावे : पाठ, मांडीची मागची बाजू, कुल्ले, पकड आणि पोटाचा आधार.

यासाठी मशिन लागत नाहीत. बार असेल तर मुलांनी त्याला नुसते १० ते २० सेकंद लटकावे. कमरेइतक्या उंचीचा आडवा पाइप असेल तर त्याखाली उताणे होऊन छाती पाइपला लावावी. दोन्ही नसेल तर टॉवेल आहेच, आणि तो सोलापुरात शोधत फिरावा लागत नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकच टॉवेल धरायचा. एकाने कोपरे बरगड्यांना घासत ओढायचे, दुसऱ्याने ताण ठेवत सावकाश सोडायचे. आठ-दहा वेळा झाले की अदलाबदल. खांदे कानाकडे चढत असतील तर समोरचा जास्त जोर लावतोय. मांडीच्या मागच्या बाजूसाठी उताणे झोपून टाचा कुल्ल्यांजवळ घ्याव्यात आणि कंबर उचलून दोन सेकंद धरावी. हे १५ वेळा सहज जमले की एका पायावर. गुळगुळीत फरशी असेल तर टाचांखाली तोच टॉवेल ठेवून, कंबर वर धरून, पाय सावकाश लांब सरकवावेत. मागच्या बाजूचा हा व्यायाम किती अवघड आहे ते केल्यावरच कळते. ब्राऊन बेल्टची (ब्लॅकच्या आधीची पायरी) मुलेही सहाव्या वेळेला कंबर टेकवतात.

जोर-बैठका बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पंधराचे दोन सेट, पूर्ण खाली, गुडघे बाहेर, पाठ ताठ, एवढे पुरे. शंभरातल्या शेवटच्या साठ बैठका कुणीच नीट करत नाही, त्या फक्त मोजल्या जातात. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, प्रत्येकी दोन किंवा तीन सेट, आणि अजून दोन वेळा जमले असते असे वाटत असतानाच थांबावे. बदकचाल आणि पूर्ण बसून बेडूकउड्या मात्र खरोखर सोडून द्याव्यात. गुडघा पूर्ण दुमडलेल्या अवस्थेत वर वजन आणि झटका दोन्ही येतात, बदल्यात कराटेसाठी काही मिळत नाही.

दम वाढवायचा तर कातासारखे साधन नाही. हेआन शोदान हा सुरुवातीचा काता २१ हालचालींचा, साधारण पाऊण मिनिटाचा. पूर्ण जोराने एकदा, मिनिटभर विश्रांती, असे चार वेळा केले की मोठी माणसेही धापा टाकतात. अट एकच : यासाठी पाठ झालेला, मुरलेला काता घ्यावा. नवा काता दम लागलेला असताना करून घेतला की त्यातल्या चुका पुढे वर्षभर निघत नाहीत. कुमितेसाठी लांब पळण्यापेक्षा तुकड्यातुकड्यांनी पळणे कामाचे. मोठ्यांची लढत तीन मिनिटांची असते आणि खरी झटापट त्यात काही सेकंदांची, अधूनमधून. दहा सेकंद जीव तोडून, पन्नास सेकंद चालत, असे सहा ते आठ वेळा. पार्क स्टेडियमला सकाळी सावकाश फेऱ्या मारणाऱ्यांनी त्या जरूर माराव्यात, पाया म्हणून त्या चांगल्याच आहेत.

जिमला जाणाऱ्या तरुणांचे वेगळे दुखणे असते. रोज छाती, रोज बायसेप्स. छातीचे स्नायू आखडून खांदे पुढे येतात आणि ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा पंच) मारताना खांदा कानाला लागतो. त्यांनी जेवढे सेट ढकलण्याचे तेवढेच ओढण्याचे करावेत. पायांचा जड व्यायाम आणि कराटेचा क्लास एकाच दिवशी असेल तर कराटे आधी. आदल्या रात्री जड स्क्वॉट मारून सकाळी किकचा सराव केला की पाय वर जात नाही, मग माणूस कंबर मागे टाकून तो वर नेतो आणि पाठीत लचक भरते.

हवेतल्या पंच-किकविषयी थोडे. ‘आज पाचशे पंच’ असे अभिमानाने सांगितले जाते. हवेत समोर अडवणारे काही नसल्याने पूर्ण जोराचा पंच शेवटी कोपराच्या सांध्यावर थांबतो, माए-गेरी (सरळ समोर मारायची किक) गुडघ्याच्या सांध्यावर. कोपराच्या मागच्या टोकाला दुखू लागले तर कारण हमखास हेच. कोपर कडीत अडकण्याच्या किंचित आधी स्नायूंनी पंच थांबवायला शिकवावे, आणि पूर्ण जोराचे एका हाताचे तीस-चाळीसच्या वर नेऊ नयेत. उरलेले पॅडवर मारावेत. पॅडवर तर्जनी आणि मधल्या बोटाची गाठ लागली पाहिजे, मनगट सरळ. करंगळीच्या बाजूने लागले तर तिथले हाड मोडते. माए-गेरीत गुडघा वर, पाय सुटणे, गुडघा तसाच वर ठेवून पाय परत, मग पाऊल खाली, असे चार भाग. तिसरा भाग बहुतेक मुले गाळतात आणि किकबरोबर पुढे पडतात. पायाची बोटे मागे ओढून चवड्याने मारायचे. बोटे सरळ राहिली की पॅडवर अंगठा मुरगळलाच.

जमिनीचा विचार कुणी करत नाही. मवाशी-गेरीत (बाजूने फिरवून मारायच्या किकमध्ये) टेकलेला पाय फिरावा लागतो, टाच समोरच्याकडे यावी लागते. खरखरीत सिमेंटवर अनवाणी पाऊल फिरतच नाही, म्हणून पीळ गुडघ्यात बसतो. शहाबादी फरशी त्यासाठी बरी, पण आपल्याकडची धूळ तिच्यावर बसली की ती घसरते. क्लासआधी ओला पोछा आणि पाच मिनिटे वाळू देणे एवढे तरी व्हावे. मॅट जोडून अंथरले असतील तर दर वेळी जोड दाबून बघावेत. पायाचे बोट सापडते ते त्या फटीतच. एप्रिलमध्ये गच्चीवर सायंकाळी पाचला क्लास घेणारे आहेत. दिवसभर तापलेल्या कोब्यावर पोरांचे तळवे भाजतात आणि मग चुकीच्या जागी वजन टाकत पोरे नाचत राहतात.

ताण देण्याच्या बाबतीत एकच हात जोडून सांगणे. मुलाला भिंतीशी बसवून पाय फाकवायचे आणि वरून गुडघे दाबायचे, किंवा पुढे वाकलेल्या मुलाच्या पाठीवर बसायचे, हे थांबवा. जांघेचा स्नायू फाटला की महिना-दीड महिना जातो आणि पुढे तीच जागा पुन्हा दुखावते. लांब धरून ठेवण्याचे ताण क्लासच्या शेवटी, एका जागी ३० सेकंद, मुलाने स्वतः घ्यावेत. सुरुवातीला पाय झुलवणे पुरते.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांची उंची झपाट्याने वाढते. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखू लागले आणि तिथे टेंगूळ हाताला लागले तर मुलगा नाटक करत नसतो. हाड वाढत असते आणि मांडीचा स्नायू त्याला ओढत असतो. त्याहून लहान मुलांत असेच टाचेच्या मागे दुखते. उड्या आणि बैठका काही आठवडे बंद, काता चालू, दुखणे राहिले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. याच वयाच्या मुलांना मुठींवर जोर मारायला लावणे आणि भिंतीवर मूठ आपटून ‘हात पक्का’ करणे पूर्ण चुकीचे आहे.

हात पक्का करण्याचे जुने साधन म्हणजे माकिवारा. जमिनीत भक्कम रोवलेली, मार बसला की थोडी मागे लवणारी फळी, वर छातीच्या उंचीला सुतळीचे वेष्टन. लवणे हाच तिचा गुण, भिंत लवत नाही. तो सोळा-सतराच्या पुढच्यांनी वापरावा, सुरुवातीला एका हाताचे दहा-पंधरा पंच. ओकिनावात, म्हणजे कराटेचे माहेर असलेल्या जपानी बेटावर, कराटेला अशा साधनांची जोड पूर्वीपासून आहे, त्याला होजो उंदो म्हणतात. कराटेच्या गोजु-र्यु पद्धतीचे संस्थापक चोजुन मियागी यांनी त्यावर मोठा भर दिला. त्यातली चि-इशी म्हणजे लाकडी दांडा आणि त्याच्या एका टोकाला दगड. निगिरी-गामे म्हणजे काठाला बोटांनी धरून चालायचे मडके, वजन वाढवायला आत वाळू. शाळेतल्या मुलांसाठी कराटे सोपे करून देणारे अंको इतोसू यांनी १९०८ मध्ये लिहिलेले दहा कलमी पत्र प्रसिद्ध आहे. प्राथमिक शाळेपासून कराटे शिकवावे, त्याने शरीर घडते, असा त्याचा रोख होता. तेव्हा ‘पारंपरिक कराटेत फिटनेस नको’ म्हणणाऱ्यांचे आणि ‘कराटेला आधुनिक फिटनेसची जोड आम्हीच दिली’ म्हणणाऱ्यांचेही म्हणणे टिकत नाही.

आणि आपल्याकडे तर तालमी आहेत. मुदगल, करेला, नाल कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेले असतात. मुदगल डोक्यामागून फिरवताना खांद्याला जे मिळते, जवळपास तेच चि-इशीत मिळते, मनगटावर थोडा जास्त भार येऊन. चि-इशी घरी करता येते. लिटरभराच्या रिकाम्या डब्यात सिमेंट, वाळू, खडी ओतली की सुमारे २.४ किलो भरते. मध्ये ४० सेंटिमीटरचा दांडा, आणि आत बुडणाऱ्या टोकाला आडवे दोन-तीन खिळे ठोकलेले. खिळे विसरले तर वाळल्यावर दांडा सैल होऊन गोळा सुटतो, तोही नेमका डोक्यावर असताना. आठवडाभर पाणी मारून मगच वापरावी. पहिले काही दिवस दांडा दगडाजवळ धरायचा, जसजसे मनगट साथ देईल तसतसा हात टोकाकडे न्यायचा.

लेझीमही इथेच आठवते. गणपतीच्या आधी महिनाभर रात्री सराव चालतो आणि अनेक सर चिडतात की मुले क्लासला येत नाहीत, आली तर पाय ओढतात. लेझमीत गुडघे वाकवून ताल धरत तासभर घालवलेल्या मुलाला वेगळ्या बैठका कशाला हव्यात? त्या महिन्यात पायाचा व्यायाम बंद करून पाठ आणि पकड घ्यावी.

संगीतावर चालणाऱ्या ‘कार्डिओ कराटे’ला नावे ठेवण्याचे कारण नाही. बायकांची मोठी गर्दी असते, घाम येतो, मजा येते. मात्र त्या ठेक्यावर पंच पूर्ण होत नाही, हात अर्ध्यातून परततो आणि खांदे चढतात, म्हणून त्याची बेल्ट परीक्षा घेऊ नये. चाळिशीच्या पुढे, बीपी असलेल्यांनी सान्चिनसारखा अंग आवळून, श्वास दाबून केला जाणारा काता डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आवळलेल्या अंगाने रोखलेला श्वास रक्तदाब एकदम चढवतो. जोर लावताना श्वास बाहेर, हे सगळ्यांनाच लागू.

बेल्टविषयी थोडक्यात. ही पद्धत ज्युदोतून कराटेत आली, जुन्या ओकिनावात नव्हती. दर तीन महिन्यांनी फी घेऊन रंग बदलणे हा व्यवसाय झाला, त्यात लपवण्यासारखे काही नाही. नियमित सरावात ब्लॅक बेल्टला तीन-चार वर्षे तरी लागतात. वर्षात देतो म्हणणाऱ्याकडून पट्टा घ्यावा, पैसे वाया गेले समजावे.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टची प्रात्यक्षिके हा खरोखर संतापाचा विषय आहे. अंगावर ट्यूबलाइट फोडायच्या, हातावरून मोटारसायकल न्यायची, आणि खाली बसलेल्या पहिलीच्या पोरांवर काचा उडायच्या. ट्यूबमध्ये पारा असतो, आतली पांढरी पूड श्वासात जाते. यातले काहीही कोणत्याही कातात नाही. शाळांनी पाच मुलांचा एकसारखा, स्वच्छ हेआन शोदान मागावा. तो बसवायला ट्यूब फोडण्यापेक्षा कितीतरी जास्त मेहनत लागते, कदाचित म्हणूनच कुणी दाखवत नाही.

उन्हाळी कॅम्पबद्दल एवढेच, की एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो. सकाळी सहा ते साडेसात किंवा सायंकाळी साडेसहानंतर, याखेरीज वेळ नको. जाड कॅनव्हासचा ड्रेस परीक्षेला ठेवावा, रोज सुती टी-शर्ट आणि ड्रेसची पँट. दर २० मिनिटांनी १०० ते २०० मिलिलिटर पाणी, मागितल्याशिवाय. ‘पाणी नंतर’ ही शिस्त नव्हे. डोके दुखणे, मळमळ, पाय अडखळणे, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देणे, यातले काहीही दिसले की सावलीत झोपवून मानेवर, काखेत ओली फडकी, पंखा, आणि शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखाना. क्लासच्या आधी दोन तास जेवण नको. नंतर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, उसळ, दूध किंवा अंडे पुरे. शाळकरी पोराला प्रोटीन पावडरचा डबा विकणाऱ्या सरांपासून दोन हात लांब राहावे.

पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एक पूर्ण तास बसून बघावा. सर मुलांना नावाने ओळखतात का, वीसपेक्षा जास्त मुले असतील तर हाताशी दुसरे कोणी आहे का, दमलेल्या मुलाला काय म्हटले जाते, मुलींना जोडीचा सराव देताना आधी विचारले जाते का. वर्षातले बरेच महिने रिकाम्या असलेल्या खोल्या ज्या तालीम मंडळांकडे आहेत त्यांनी सकाळचा दीड तास अशा क्लासला द्यावा. छप्पर, पंखा आणि फरशी मिळाली तरी निम्म्या दुखापती टळतील. यंत्रमागाच्या भागातल्या वर्गांत दम्याची मुले हमखास असतात. प्रवेशअर्जात त्याचा रकाना ठेवावा, आणि पंप कुणाच्या दप्तरात कोणत्या कप्प्यात आहे ते सरांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.

आपले,
काही कराटे प्रशिक्षक,
जुळे सोलापूर